तांब्याच्या भावात अ‍ॅल्युमिनियम: म्हापशात घेतलेल्या स्पीकर वायरचा अनुभव

म्हापशाच्या बाजारात पारदर्शक आवरणाची, आतून लाल तारा दिसणारी एक स्पीकर वायर मिळते. आवरणावर सोनेरी अक्षरांत ‘ओएफसी’ (ऑक्सिजन फ्री कॉपर, म्हणजे ऑक्सिजन काढलेले तांबे) आणि ‘२ × २.५’ (दोन कोअर, प्रत्येकी अडीच स्क्वेअर एमएम) छापलेले असते. ती तांब्याची नाही आणि अडीच स्क्वेअर एमएमचीही नाही. आमच्या भजनी मंडळाच्या वर्गणीचे पैसे तिच्यात गेले. श्रावणातले सप्ताह, मग चतुर्थी, पुढे जत्रांतली नाटके असा हंगाम तोंडावर आहे. इतर मंडळांचे पैसे असे जाऊ नयेत म्हणून सगळे सविस्तर लिहितो.

मी फोंडा तालुक्यातला. अ‍ॅम्प्लिफायर घरीच बांधतो. मंडळासाठी एलएम३८८६ या आयसीवर (अ‍ॅम्प्लिफायरच्या चिपवर) दोन चॅनेलचा बांधला होता. देवळाच्या सभामंडपात तो एका कोपऱ्यात राहणार, आणि लांबच्या खांबांवरच्या स्पीकरपर्यंत वायर २० मीटर जाणार. एका चॅनेलवर ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर, म्हणजे भार ४ ओहमचा. एवढे अंतर आणि एवढा भार असेल तर वायर जाड हवी, म्हणून मी २.५ची मागितली.

दुकानदार म्हणाला, “काका, घरातली साधी वायर ऑडिओला चालत नाही. आवाज दबतो. ही घ्या, ऑक्सिजन फ्री, ९९.९९ टक्के शुद्ध.” भाव घरगुती फ्लेक्सिबल वायरच्या जवळजवळ दुप्पट होता.

या ‘ऑक्सिजन फ्री’बद्दल आधी सांगतो, कारण सगळी विक्री त्याच शब्दांवर चालते. घरगुती वायरमधले विजेचे तांबेही ९९.९ टक्के शुद्ध असते. ऑक्सिजन काढलेले तांबे वीज वाहून नेण्यात त्याच्यापेक्षा फार तर एखादा टक्का सरस. स्पीकरच्या वायरीत तो फरक कानाला कळत नाही. कळतो तो दोन गोष्टींचा: धातू कोणता आणि तो किती जाड. नेमक्या त्याच दोन्ही गोष्टी आम्हाला खोट्या मिळाल्या.

पहिली शंका सोल्डरिंगला आली. टोके सोलून कथील दिले, तर ते धड पसरेना. सोल्डरिंग आयर्न जरा जास्त वेळ टेकवला की तारांचा लाल रंग कथिलात विरघळून जायचा आणि सांधा राखाडी, खरखरीत दिसायचा. बोटाने वाकवला की तारा तटातट तुटायच्या. खरे तांबे असे कधीच करत नाही. ते कथील ओढून घेते आणि सांधा चकचकीत बसतो.

मग एक तार काचेवर आडवी धरून ब्लेडने खरवडली. लाल थर सालीसारखा निघाला आणि खाली पांढरा धातू दिसला. इथे एक सांभाळा: कल्हई केलेल्या तांब्याच्या तारा बाहेरून पांढऱ्या आणि आतून लाल असतात, त्या उत्तम. ही उलटी होती. तीच तार चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीत नेली, तर टोक लगेच लोंबले आणि गळाले. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, तांबे १,०८५ अंशांना. शेजारी घरगुती वायरची तार धरली, ती लाल झाली आणि तशीच उभी राहिली.

अशा तारेला सीसीए म्हणतात, अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा पातळ मुलामा. हा प्रकार मुळात वाईट नाही. ट्वीटरच्या (बारीक, उंच आवाजाच्या छोट्या स्पीकरच्या) कॉइलला हलकी तार हवी असते, तिथे तो मुद्दाम वापरतात, आणि अँटेनाच्या केबलमध्येही, कारण इतक्या वरच्या फ्रीक्वेन्सीचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागावरूनच धावतो. पण लांबच्या स्पीकर लाइनला त्याचा तोटाच. त्याची वाहकता तांब्याच्या जेमतेम ६५ टक्के. शिवाय आपली खारी, दमट हवा! सोललेल्या टोकाशी तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही उघडे पडतात, आणि असा सांधा पावसाळ्यात लवकर खराब होतो.

नुसत्या खरवडण्यावर दुकानदाराशी भांडता येणार नव्हते. म्हणून एका कोअरचा बरोबर एक मीटर तुकडा सोलून ओळखीच्या सोनाराकडे नेला. हिशेब सोपा आहे. अडीच स्क्वेअर एमएमच्या एक मीटर तांब्याचे वजन २२ ग्रॅमच्या आसपास भरायला हवे. काट्यावर ६ ग्रॅमसुद्धा भरले नाहीत. धातू हलका म्हणून वजन कमी येणार हे धरले, तरी खऱ्या अडीचच्या सीसीएचे ८-९ ग्रॅम यायलाच हवे होते. म्हणजे जाडीही दीडच्याच आसपास होती. आवरण मात्र जाडजूड, हातात घेतल्यावर वायर दणकट वाटावी असे.

रोध मोजायलाही महागडे यंत्र लागत नाही. २० मीटर वायरीची लांबची दोन टोके एकमेकांना जोडली आणि बेंच सप्लायवरून (प्रवाह हवा तेवढाच सोडता येणाऱ्या वीजपुरवठ्यावरून) बरोबर १ अँपिअर सोडला. मग जवळच्या टोकांवर मल्टिमीटर जितके व्होल्ट दाखवतो तितके ओहम. खऱ्या अडीचच्या तांब्याला ०.३ च्या आत-बाहेर यायला हवे होते, आले ०.८ च्या वर. मल्टिमीटरच्या ओहमच्या खाचेवर एवढा लहान रोध नीट मोजला जात नाही, म्हणून हीच रीत धरा.

४ ओहमच्या भाराला वाटेतच ०.८ ओहम लागले, तर स्पीकरपर्यंतची पॉवर जवळजवळ एक तृतीयांशाने घटते. चाचणीला बसलो तेव्हा टाळ ठीक वाजत होते, पण पखवाजाचा धुमा, म्हणजे खर्जाची बाजू, सैल, विस्कटलेला येत होता. रोध वाढला की स्पीकरच्या कोनवरची अ‍ॅम्प्लिफायरची पकड सुटते, त्याचा हा परिणाम. गायकाला वाटले अ‍ॅम्प्लिफायरच कमी पडतो. मी शांतपणे वायर बदलायला घेतली.

त्याच दुकानातून माइकची शील्डेड केबलही घेतली होती, ‘कॉपर ब्रेड’ (तांब्याची विणलेली जाळी) लिहिलेली. कापून पाहिली तर विणलेली जाळी नव्हतीच, चार-पाच तारा विरळ गुंडाळलेल्या. सभामंडपातले दिवे लागले की गुंई सुरू. तीही काढून टाकली.

वायर घेऊन परत गेलो तेव्हा उत्तर मिळाले, “आम्ही कंपनीचे सीलबंद रीळ विकतो, आत काय आहे ते आम्ही बघत नाही.” बिल काढून दाखवले. त्यावर नुसते ‘स्पीकर वायर, १ रीळ’ असे लिहिलेले. तांबे हा शब्दच नाही. तो चुकून राहिला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळत होते. मला खरा राग आला तो पुढच्या वाक्याचा: “मग ही मेन्सच्या बोर्डाला वापरा ना, वाया कशाला घालवता!” २३० व्होल्टला असली वायर लावली तर स्क्रूखाली अ‍ॅल्युमिनियम दबत जाते, सांधा सैल होतो, तापतो. मंडपात कनाती, कागद, समया. तिथे आग लागायला वेळ लागत नाही. कृपा करून कोणीही हे करू नका.

आता सभामंडपात आयएसआय खुणेची, आयएस ६९४ या वायरच्या मानकाची, तांब्याची साधी फ्लेक्सिबल वायर आहे, दोन रंगांची एकत्र पिळून घेतलेली. धुमा आता जागेवर आला. आवरणावरचा सीएम/एल क्रमांक (उत्पादकाचा परवाना क्रमांक) बीआयएस केअर या अ‍ॅपवर तपासता येतो. ‘ऑडिओ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्पीकर वायरवर ही खूण सहसा नसते, आणि खोटा माल तिथेच खपतो. रिळाआधी हातभर तुकडा मागा आणि दुकानातच ब्लेडने खरवडा. बिलावर ‘तांबे, २.५ स्क्वेअर एमएम’ असे लिहून घ्या.

आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची तयारी चालू आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, आणि मुदत २ वर्षांची आहे. बार्देश, तिसवाडी, डिचोली कुठल्याही मंडळाने असे सोनेरी अक्षरांचे रीळ घेतले असेल, तर चतुर्थीची माटोळी बांधायच्या आधी एक तार खरवडून पाहा. पांढरी निघाली तर बिल आणि रिळावरचे लेबल फेकू नका, उरलेली वायर कापू नका, आणि आम्हाला कळवा. तक्रारदार जास्त असले की ‘आम्हाला माहीत नव्हते’ हे उत्तर त्या दुकानदाराला पुन्हा देता येणार नाही.