बदली शिक्षकांना काम मिळवून देणारी सेवा : अभिप्राय

खासगी शाळेतील नोकरी सुटल्यावर मी नाशिकमधील एका संस्थेकडे बदली शिक्षिका, म्हणजे रजेवरील शिक्षकांच्या जागी तास घेणारी, म्हणून नाव नोंदवले. व्यवहार चोख आहे आणि मानधन ठरल्याप्रमाणे मिळते. मात्र फोन ऐन सकाळी येतो, आणि पंचवटीतून सातपूरला पहिल्या तासाला पोहोचेपर्यंत इयत्ता व विषयही माहीत नसतो. रजेवरील बाईंची टाचणवही (पाठाच्या तयारीची वही) मिळाली तरच तास धड होतो. शिवाय घेतलेल्या तासांचेच पैसे मिळत असल्याने दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी कोरडी जाते.

ज्यांच्या पगारातून राज्य कामगार विम्याची वर्गणी कापली जात होती, त्यांनी नोकरी सुटल्यावर हे काम घेण्याआधी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची पात्रता तपासावी. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत नोकरी गेलेल्यांना सरासरी दैनिक वेतनाच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते आणि पुन्हा नोकरी लागली की थांबते. एखाददुसऱ्या तासिकेपायी ती धोक्यात घालणे मला मुळीच पटत नाही. प्रसूती रजेच्या जागी सलग वर्ग मिळत असेल, तर मात्र तो जरूर घ्यावा. तिथे मुलांची नावे पाठ होतात आणि वह्या तपासण्याला अर्थ येतो.