ग्राफिक्स कार्ड गेलंच नव्हतं! नौपाड्यातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याचा अनुभव

मी जीएसटीची कामं करते. ऑफिस ठाण्यात नौपाड्याला, दहा बाय बाराची खोली, राहते ऐरोलीला. रविवारी ट्रान्स-हार्बरला मेगाब्लॉक असला की घरच्या लॅपटॉपवरून रिमोट डेस्कटॉपने ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचं आणि काम उरकायचं, ही जुनी सवय. १९ तारखेचा रविवार असाच गेला. सोमवारी ऑफिसात येऊन मॉनिटर चालू केला तर क्रोममध्ये अर्धं पान काळं. माउस फिरवला की काळ्यातून एखादी पट्टी उजळायची आणि परत बुजायची. जीएसटी पोर्टलवर लॉगिन करायला गेले तर नेमकी कॅप्चाची जागा काळी. २० तारीख, जीएसटीच्या थ्रीबी रिटर्नचा शेवटचा दिवस, सात रिटर्न बाकी. (त्यातल्या चौघांनी बँक स्टेटमेंट आदल्या रात्री अकराला पाठवलं होतं, पण ते रडगाणं इथे नको.)

असं आधीही दोनदा झालं होतं. कॉम्प्युटर बंद-चालू केला की जायचं. पण त्या दिवशी टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, रात्रीपासून मोठा डेटा इम्पोर्ट चालू होता, तो तोडायचा नव्हता. नुसतं क्रोम बंद करून उघडलं, तरी काळं ते काळंच.

नेहमीच्या मेंटेनन्सवाल्याला फोन लावला. त्याने काही न बघता निकाल दिला, "मॅडम, ग्राफिक्स कार्ड गेलं. साडेचार हजार धरून चाला." मग शेजारच्या झेरॉक्सवाल्या काकांनी गोखले रोडच्या आतल्या गल्लीतलं हे दुरुस्तीचं दुकान सांगितलं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. बाहेर जुन्या प्रिंटरची चळत, आत एक माणूस, एक स्टूल.

दुकानातले दादा अर्ध्या तासात आले. पेचकस बॅगेतच राहिला. आधी एक्सेल उघडून वर-खाली सरकवलं; स्वच्छ. मग क्रोमचा स्क्रीनशॉट काढून माझ्या मोबाइलवर पाठवला. "ताई, फोनवर बघा, काळं दिसतंय का?" दिसत होतं. म्हणजे काळं चित्र कॉम्प्युटरच्या आतच तयार होत होतं; मॉनिटर आणि केबल दोन्ही निर्दोष. "कार्ड गेलं असतं तर एक्सेलनेही रडायला हवं होतं. आणि बंद-चालू करून कार्ड बरं होत नाही."

मग त्यांनी क्रोममध्येच शिफ्ट आणि एस्केप दाबलं. क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर असतो हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. यादीत 'जीपीयू प्रोसेस' (क्रोमचा चित्र काढणारा भाग) अशी ओळ होती, ती निवडून 'एंड प्रोसेस'. स्क्रीन क्षणभर पांढरी झाली आणि कॅप्चा समोर! सगळे टॅब जागच्या जागी, टॅलीलाही धक्का नाही.

कारण मात्र खोदून विचारावं लागलं; दादा मितभाषी. रिमोटने शिरलं की विंडोज त्या सेशनला (चालू लॉगिनला) खऱ्या मॉनिटरऐवजी एक आभासी डिस्प्ले देतं. माझा लॅपटॉप १२५ टक्के स्केलिंगवर (अक्षरं-चित्रं किती मोठी दिसावीत ते प्रमाण), ऑफिसचा मॉनिटर १०० वर. सकाळी परत खऱ्या मॉनिटरवर आलं की आकार, स्केलिंग, डिस्प्ले, सगळं एकदम बदलतं आणि क्रोमची चित्र काढणारी प्रोसेस कधीकधी या अदलाबदलीत अडकते. खिडकी बंद केली तरी क्रोम पाठीमागे चालू राहू शकतं, म्हणून माझ्या बंद-उघड करण्याने काही झालं नव्हतं.

हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (चित्रांचं काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवणारी क्रोमची सोय) कायमचं बंद करू का, असं मीच विचारलं, कारण मोबाइलवर शोधल्यावर सगळीकडे तेच दिसत होतं. ते नको म्हणाले. मग सगळा भार प्रोसेसरवर, व्हिडिओ कॉलला मशीन धापा टाकणार; ते शेवटचं औषध. इम्पोर्ट संपल्यावर त्यांनी ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, नवा टाकला. शिवाय दोन सवयी लावल्या. घरून काम संपलं की वरच्या फुलीवर क्लिक करून निघायचं नाही, कारण फुलीने फक्त जोडणी तुटते, सेशन आणि क्रोम तसंच चालू राहतं. साइन आउट करायचं. रात्रभर काही चालू ठेवायचं असेल तर निदान क्रोम पूर्ण बंद करायचं.

दुकानाचं खरं कौतुक मात्र मला पुढच्या गोष्टीचं. निघता निघता त्यांनी राउटरची सेटिंग्ज बघितली आणि कपाळाला हात लावला. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट, म्हणजे बाहेरून आत शिरायची वाट, थेट इंटरनेटला उघडा! कार्डाचे साडेचार हजार सांगणाऱ्यानेच तो उघडून दिला होता. रॅन्समवेअरवाले, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे, हा दरवाजा शोधतच फिरत असतात, आणि माझ्याकडे लोकांचे पॅन, बँकेचे आकडे, पासवर्ड. दादांनी पोर्ट बंद केला, राउटरवरच व्हीपीएन (ओळख पटल्यावरच आत सोडणारी खासगी, सुरक्षित जोडणी) लावून दिलं. आता आधी व्हीपीएन, मग रिमोट. दोन क्लिक जास्त, पण झोप लागते.

आता कुरकुर. व्हिजिटचे ४०० सांगितले होते, बिल ७०० झालं. व्हीपीएनचे ३०० वेगळे, हे आधी सांगायला हवं होतं. बिलही साध्या पावती पुस्तकातलं. जीएसटी नंबर विचारला तर दादा गोरेमोरे झाले. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, हे शेवटी मीच त्यांना सांगितलं. दुपारी दोन ते पाच दुकान बंद आणि फोनही बंद.

पाचपैकी चार. त्यानंतर तीन रविवार रिमोटने काम केलं. एकदाच, साइन आउट विसरले तेव्हा, पानाच्या कोपऱ्यात काळा चौकोन आला. शिफ्ट-एस्केप माझं मीच केलं. दादांना आता जुना प्रिंटर दाखवायचाय, पाचनंतर.