स्वाकोपमुंड ते वेल्विचिया पठार: दिवसभराची वाळवंट सहल कशी वाटली

नामिबियाच्या किनाऱ्यावरच्या स्वाकोपमुंड गावातून वेल्विचिया पठारावर, म्हणजे वेल्विचिया ही वाळवंटी वनस्पती बघायला नेणारी दिवसभराची सहल आम्ही मार्चमध्ये केली. पैसे पुरेपूर वसूल झाले. पण ही सहल सगळ्यांना आवडेल असं नाही, आणि गाइड कसा मिळतो यावर तिचं सगळं गणित आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. या सहलीत वाळूची एकही टेकडी नाही. वाळवंट म्हणजे पिवळ्या वाळूच्या लाटा आणि त्यावरून उड्या मारणारी गाडी, असं डोक्यात असेल तर ही सहल घेऊ नका. त्या टेकड्या स्वाकोपमुंडच्या दक्षिणेला, वॉल्विस बेच्या वाटेवर आहेत आणि तिकडची सहल वेगळी असते. ही सहल जाते पूर्वेला, खडीच्या सपाट माळावर. तिथे बघायचं असतं ते बहुतेक सगळं घोट्याच्या उंचीचं आहे.

मी नोकरीची सगळी वर्षं सांगली भागातल्या कॉलेजात बी.एस्सी.च्या वर्गाला वनस्पतिशास्त्र शिकवलं. अनावृतबीजी (बिया फळात झाकलेल्या नसणाऱ्या) वनस्पतींच्या धड्यात शेवटी तीन नावं येतात: नीटम, एफेड्रा आणि वेल्विचिया. नीटमची वेल सह्याद्रीत सापडते, एफेड्राच्या वाळक्या काड्या प्रयोगशाळेत असायच्या, वेल्विचिया मात्र आम्ही चित्रावरूनच शिकलो आणि चित्रावरूनच शिकवलं. लेक-जावई विंडहुकला, नामिबियाच्या राजधानीत, राहायला गेल्यावर मी तिला पहिली फर्माईश केली ती ही. विंडहुक ते स्वाकोपमुंड साडेतीनशे किलोमीटरच्या वर आहे. डांबरी रस्ता छान, चार तास लागतात.

लेकीने आधी एका मोठ्या एजंटकडे विचारलं. त्यांच्या 'संपूर्ण वाळवंट' सहलीत क्वाड बाइक होती, उंटावरची फेरी होती, दुपारचं बार्बेक्यू होतं आणि वेल्विचियापाशी पंधरा मिनिटं. मी नको म्हटलं. मग गावातल्याच एका छोट्या व्यावसायिकाकडे फोन केला. एक लँड क्रूझर, गाइड तोच, ड्रायव्हरही तोच. माणशी खर्च आपल्या सहा हजार रुपयांच्या आसपास आला. त्यात उद्यानाचा परवाना, पाणी आणि दुपारचं खाणं धरलेलं होतं. गाडीत आम्ही तिघं, म्हणजे मी, हे आणि लेक, शिवाय एक जर्मन जोडपं.

सकाळी आठला निघालो तेव्हा गाव धुक्यात बुडालेलं होतं. समोरची घरं दिसत नव्हती आणि स्वेटर घालूनही थंडी वाजत होती. या किनाऱ्याला लागून बेंग्वेला नावाचा थंड सागरी प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेला वाहतो. त्याच्यावरची दमट हवा गार होते आणि धुकं बनून आत सरकते, पण पाऊस काही पडत नाही. स्वाकोपमुंडला वर्षाकाठी सरासरी २० मिलिमीटरही पाऊस होत नाही. आमच्याकडे वळवाची एक बरी सर तेवढी पडते. पन्नासेक किलोमीटर आतपर्यंत जे काही जगतं ते मुख्यतः या धुक्यावर. गाइडने हे गाडी चालवता चालवताच सांगितलं आणि मग गावाबाहेर अगदी ओसाड वाटणाऱ्या जागी गाडी थांबवली.

इथे त्या माणसाचं कसब कळलं. आम्हाला खाली उतरवून त्याने फक्त दगड बघायला सांगितले. मग खिशातून फवाऱ्याची बाटली काढली आणि जमिनीवर सैल पडलेल्या, काळपट चुरगळलेल्या कागदासारख्या दिसणाऱ्या एका तुकड्यावर पाणी मारलं. मी पर्समधलं भिंग काढून गुडघ्यावर बसले. कडा आधी किंचित हलल्या, मग आत वळलेलं पान उलगडत गेलं आणि मिनिटभरात काळ्याचा ऑलिव्हसारखा हिरवा रंग झाला. हे शैवाक, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे नातलग. बुरशी आणि शैवाल मिळून एक शरीर, वाढ इतकी सावकाश की वर्षभरात फरक डोळ्याला दिसायचा नाही. शेजारच्या दगडांवर भगवी, झुडपासारखी दुसरी जात होती. मी वर्गात शैवाकाचे आडवे छेद कितीदा दाखवले असतील, पण ओलं होताच ते जिवंत होताना पहिल्यांदा बघितलं. जर्मन बाईंनी सगळं शूट केलं आणि नंतर आम्हाला पाठवलं.

गाइडने परत फिरताना आमच्याच पावलांवर पाय ठेवून यायला लावलं. कारण थोड्या वेळाने कळलं. माळाचा वरचा थर जिप्समने घट्ट झालेला पापुद्रा आहे. तो एकदा मोडला की पुन्हा भरून यायला पिढ्या जातात. पुढे एका ठिकाणी त्याने जुन्या बैलगाड्यांच्या चाकोऱ्या दाखवल्या. मोटारी यायच्या आधीच्या त्या, आणि अजून स्पष्ट. १९१५ साली दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने तेव्हा इथे राज्य करणाऱ्या जर्मनांवर चाल केली तेव्हाच्या तळाच्या खुणाही याच वाटेवर आहेत. आणि त्यांच्या शेजारी ताज्या क्वाड बाइकचे वेडेवाकडे पट्टे! मला फार वाईट वाटलं. दहा मिनिटांच्या मौजेसाठी शंभर वर्षं राहणारा ओरखडा. वाटेबाहेर गाडी घालायला बंदी आहे, तरी लोक घालतात. तुमचा गाइड तसं करू लागला तर गाडीत बसल्या जागी थांबवा त्याला.

चांद्रभूमी म्हणून प्रसिद्ध असलेली स्वाकोप नदीची दरी बघितली. नदीने मऊ थर खरवडून नेले आणि करड्या-तपकिरी टेकड्यांचा पसारा उरला. त्यातून डोलेराइट नावाच्या कठीण खडकाच्या काळ्या भिंती आडव्या-उभ्या धावतात. फोटो चांगले येतात. पाच-सहा गाड्या उभ्या होत्या, वारा बोचरा होता, आम्ही लवकर निघालो.

वाटेत डॉलर बुश नावाचं झुडूप लागलं. पानं नाण्यासारखी गोल आणि मांसल. मी एक पान बघून म्हटलं, हे आपल्या सराट्याच्या कुळातलं. गाइडने थांबून विचारलं, "मेमे, तुम्ही शिक्षिका का?" तिथून पुढे तो माझ्याशी शास्त्रीय नावांनीच बोलायला लागला. (मेमे म्हणजे त्यांच्याकडे मोठ्या बाईला आदराने म्हणतात.) कुळ, प्रजाती, सगळं त्याला तोंडपाठ होतं, आणि आठवलं नाही तिथे तो गाडीतलं पुस्तक काढून बघायचा. अंदाजाने ठोकून द्यायचा नाही. गाइडमध्ये मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मग धुकं सुटलं, ऊन एकदम तापलं, स्वेटर गेले, आणि पठार आलं. लांबून वेल्विचिया झाड वाटतच नाही. कोणीतरी फाटकी ताडपत्री टाकून गेलंय असं वाटतं. जवळ गेल्यावर मधोमध लाकडी, वाडग्यासारखा खोलगट बुंधा आणि दोन बाजूंनी निघालेली पानं. पानं दोनच. जन्मभर दोनच. ती बुडातून वाढत राहतात आणि टोकाला वाऱ्याने, उन्हाने फाटत जातात, म्हणून पन्नास पट्ट्या दिसतात. गाइडने परवानगी असलेल्या अंतरावरून प्रत्येक पट्टी मागे मागे शोधायला लावली. सगळ्या त्या दोनच पानांच्या बुडापाशी पोहोचतात. जवळ जायचं नाही, कारण त्यांची बारीक मुळं जमिनीच्या अगदी वरच्या थरात सगळीकडे पसरलेली असतात आणि पावलांखाली चिरडतात.

नर आणि मादी झाडं वेगळी. नराचे शंकू बारीक, सामन माशाच्या रंगाचे. मादीचे मोठे, हिरवट-निळसर, पुढे तपकिरी होणारे. मादीच्या शंकूंवर लाल-काळ्या किड्यांची गर्दी होती. हे कपाशीवरच्या लाल ढेकणांच्या कुळातले, रस शोषून जगणारे. परागणाचं काम मात्र मुख्यतः माश्यांचं. बिया भरपूर होतात, पण बहुतेकांना अ‍ॅस्परजिलसची काळी बुरशी लागते, आणि उरलेल्या रुजायला चांगला पाऊस पडलेलं वर्ष लागतं, जे क्वचितच येतं. म्हणून लहान रोप दिसणं दुर्मीळ. आम्हाला दिसलं नाही.

पाणी कुठून घेतं, यावर मी त्याला मुद्दाम छेडलं. आमच्या वेळच्या पुस्तकांत पानांतून धुकं शोषतं असं होतं. तो म्हणाला, अभ्यासकांचं यावर एकमत नाही. त्याच्या मते पानांवर जमलेलं दव खाली ठिबकतं आणि वरची मुळं ते घेतात, आणि तो सकाळी लवकर येतो तेव्हा पानांच्या कडेखाली ओल दिसते. बघून सांगणारा माणूस. मला ते उत्तर आवडलं.

शेवटी कुंपणातलं मोठं झाड. त्याचं वय दीड हजार वर्षांच्या आसपास असावं असा अंदाज आहे, म्हणजे अजिंठ्याची नंतरची लेणी कोरून झाली त्या सुमाराचं. वेल्विच नावाच्या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५९ मध्ये अंगोलात ही वनस्पती पाहिली आणि जोसेफ हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६३ मध्ये तिचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. हा तोच हूकर, ज्याचे 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'चे सात खंड आमच्या विभागाच्या कपाटात होते. आज ती नामिबियाच्या राजचिन्हावर आहे. कुंपणापाशी मी बराच वेळ उभी राहिले आणि कोणी घाई केली नाही. ह्यांनीसुद्धा नाही.

परतताना क्षितिजावर हुसाबच्या युरेनियम खाणीचे ढिगारे दिसतात. जगातल्या मोठ्या युरेनियम खाणींपैकी ही एक, बहुतांश चिनी कंपनीच्या मालकीची. जवळच रॉसिंगची खाण १९७६ पासून चालू आहे. गाइडने ते लपवलं नाही. त्याचा भाऊ खाणीत काम करतो, पगार चांगला आहे. पण ट्रकची धूळ पानांवर बसते याची त्याला काळजी वाटते, आणि ती मलाही वाटली. दीड हजार वर्षं टिकलेल्या झाडाच्या इतक्या जवळ खोदकाम करताना जितकी काळजी घ्यावी तितकी थोडी.

आता तक्रार. बुकिंग करताना शाकाहारी असं दोनदा सांगितलं होतं. गोआनिकोन्टेसच्या सावलीत, नदीकाठच्या जुन्या मळ्यात डबे उघडले तेव्हा आमच्या डब्यात काकडीचे दोन सँडविच आणि एक सफरचंद, बाकीच्यांना भरपूर खाणं. गाइडने स्वतःहून माफी मागितली आणि त्याच्या डब्यातलं चीज दिलं, पण दिवसभराच्या सहलीला हे कमी आहे. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी लेकीने घरून आणली होती म्हणून निभावलं. जर्मन जोडप्याला चटणी फार आवडली.

ज्येष्ठांनी जाण्याआधी हे लक्षात घ्या. खडीचा रस्ता आडव्या नाळ्यांनी भरलेला आहे, कंबरेला दणके बसतात. मधल्या रांगेत बसा, मागे नको. चालणं फारसं नाही, पण वाकणं आणि बसणं बरंच आहे. ह्यांच्या गुडघ्यांना त्रास झाला तेव्हा गाइडने घडीची खुर्ची काढून दिली. गोआनिकोन्टेसपर्यंत स्वच्छतागृह नाही, बायकांनी हे आधीच विचारून घ्यावं. कपडे थरावर थर घाला. सकाळी स्वेटर लागतो, दुपारी सुती कुडता आणि टोपी. भिंग असेल तर जरूर न्या.

बुकिंग करताना गाइडची नामिबिया टुरिझम बोर्डाकडे नोंदणी आहे का ते विचारा आणि एका गाडीत पाचच्या वर माणसं नकोत असं सांगा. दक्षिण आफ्रिकेचा रँडही तिथे चालतो, नामिबियन डॉलर इतकीच किंमत आहे. टिप वेगळी द्यायची असते; आम्ही दहा टक्क्यांच्या वर दिली.

पुढच्या भेटीत नातवाला घेऊन वाळूच्या टेकड्यांची सकाळची सहल करायची आहे, पारदर्शक कातडीची पाल, सरडगुहिरा आणि वाळूत अंग पुरून फक्त डोळे वर ठेवणारा छोटा साप बघायला. आठ वर्षांच्या मुलाला ते चार-पाच तास जमतात का, हे ज्यांनी केलं असेल त्यांनी जरूर कळवा.