मल्चरच्या नावाखाली स्लॅशर माथी मारला: 2,03,300 रुपयांच्या फसवणुकीचा अनुभव

आमच्या शेडमध्ये फेब्रुवारीपासून जे यंत्र उभे आहे, त्याच्या बिलावर ‘रोटरी मल्चर, 6 फूट’ असे छापलेले आहे. ते मल्चर, म्हणजे रानातला पालापाचोळा बारीक कुटणारे यंत्र, नाही; गवत-झुडपे कापणारा साधा रोटरी स्लॅशर आहे. त्यापायी माझे 25,000 रुपये आगाऊ, 1,60,000 रुपये एनईएफटीने, 11,800 रुपये अनुदानाच्या फाईलसाठी आणि 6,500 रुपये रोख वाहतुकीसाठी, असे एकूण 2,03,300 रुपये गेले. बावीस वर्षे मी ट्रॅक्टर चालवतो, आणि करवीर तालुक्यातल्या आमच्या गावात औजार घेण्याआधी चार माणसे मला विचारायला येतात. म्हणूनच इतके महिने मी ही गोष्ट भाऊबंदांच्याही कानावर घातली नाही. परंतु यंदाचा गळीत हंगाम सुरू होताच तोच माणूस शेजारच्या तालुक्यात पुन्हा प्रात्यक्षिके करत फिरत असल्याचे परवा समजले, तेव्हा लाज बाजूला ठेवून हे लिहायला बसलो.

‘स्वस्ताची हाव सुटली म्हणून फसलास’ असे मला तोंडावर ऐकवले गेले आहे, म्हणून आधी गरज काय होती ते सांगतो. साडेतीन एकर ऊस, जात को 86032. लागण तुटून गेली की खोडवा, म्हणजे बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस, राखायचा. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, रानात पडते. ते आम्ही पेटवत नाही. बारीक करून सरीत पसरायचे आणि टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून कुजवायचे, अशी आमची पद्धत आहे. भाड्याचा मल्चर मात्र वेळेवर मिळत नाही, कारण सगळ्यांचा ऊस एकाच वेळी तुटतो आणि मशिनवाले मोजके. पंधरा दिवस वाट पाहण्यात खोडव्याची पहिली मशागत मागे पडते. म्हणून स्वतःचे यंत्र घ्यायचे ठरले.

मला मल्चर आणि स्लॅशर यांतला फरक माहीत नव्हता, असेही कोणी म्हणू नये. दोन्ही यंत्रे पीटीओच्या, म्हणजे औजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या दांड्याच्या, मिनिटाला 540 फेऱ्यांवर चालतात, दोन्ही ट्रॅक्टरच्या मागे जोडतात, आणि वरून पत्रा असल्यामुळे दुरून सारखीच दिसतात. फरक पोटात आहे. फ्लेल मल्चरमध्ये जमिनीला समांतर असा आडवा रोटर असतो आणि त्यावर हातोड्या किंवा वाय आकाराची पाती, म्हणजेच फ्लेल, रांगेने लोंबत असतात. गिअरबॉक्समधून निघालेला जोर बाजूच्या बेल्टवरून रोटरला मिळतो, त्याच्या फेऱ्या पीटीओच्या कितीतरी पट वाढतात, आणि पाचट पोटातच पुन्हा पुन्हा कुटले जाऊन मागे सारखे पसरते. स्लॅशरमध्ये गिअरबॉक्सच्या खाली उभा दांडा असतो आणि त्याला जोडलेल्या पट्टीच्या किंवा चकतीच्या टोकांना दोन-तीन जाड पाती असतात. ती कापतात, कुटत नाहीत. बांधावरचे गवत, घाणेरी, पड रानातली झुडपे यांसाठी स्लॅशर चांगलाच. त्याला ताकद कमी लागते, बेल्टची कटकट नाही, किंमतही कमी. पाचटात मात्र तो लांब तुकडे करून एका अंगाला ओळ टाकतो, आणि पात्याखाली खडा आला तर गोफणीसारखा भिरकावतो. माझा ट्रॅक्टर 45 एचपीचा आहे, त्यामुळे मल्चर ओढेल की नाही याचीही चौकशी मी आधी केली होती. मला मल्चरच हवा होता.

जानेवारीच्या शेवटी पाहुण्यांच्या रानात प्रात्यक्षिक झाले, आणि ते अस्सल मल्चरचे होते. विक्रेत्याने हायड्रॉलिकवर यंत्र उचलून धरले आणि आम्हां दहा-बारा जणांना खाली वाकून रोटर बघायला लावले. आईसुद्धा आली होती, कारण सातबारा तिच्या नावावर आहे. किंमत 2,10,000 रुपये सांगितली, त्याच दिवशी बुकिंग केल्यास 1,85,000. शिवाय महिला शेतकरी असल्याने निम्मे अनुदान, म्हणजे 92,500 रुपये आईच्या खात्यावर येतील, आणि फाईल तेच करून देतील. पुढचे वाचकांना ठाऊकच आहे. मी 25,000 रुपये फोनवरून पाठवले. पैसे पाठवताना पडद्यावर दुकानाचे नाव न येता एका व्यक्तीचे नाव आले होते, ते मी पाहिले आणि सोडून दिले. तुम्ही तिथेच थांबा.

दोन दिवसांनी कोटेशन आले. त्यावर ‘रोटरी मल्चर’ हे शब्द होते. मी ते वाचले, मला खटकले, आणि मी फोनही केला. तो म्हणाला, ‘दादा, आत रोटर असतो म्हणून रोटरी म्हणायचं.’ या उत्तरावर माझे समाधान झाले. इतकी वर्षे औजारे हाताळलेल्या माणसाचे या वाक्यावर समाधान झाले, हे आजही रात्री आठवते आणि झोप उडते. कोटेशनवर फ्लेलची संख्या नव्हती, यंत्राचे वजन नव्हते, अनुक्रमांक नव्हता. एवढ्या तीन गोष्टी मी लिहून मागितल्या असत्या, तर त्याला पळवाट उरली नसती.

उरलेले 1,60,000 रुपये जमा झाल्याशिवाय गाडी भरणार नाही, असे त्याने सांगितले. त्या दिवशी दुपारी मी बँकेतून एनईएफटी केले. गाडी आली रात्री नऊ वाजता. यंत्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले होते आणि ड्रायव्हरला निपाणीला जायची घाई होती. आईने बॅटरी धरली होती. यंत्र खाली उतरवताना प्लॅस्टिक एका बाजूने फाटले, तिने आत उजेड पाडला आणि म्हणाली, ‘त्या दिवशी पोटात आडवं फिरत हुतं, ते ह्यात कुठं हाय?’ बाजूला बेल्टचा डबा नव्हता, मागे रोलर नव्हता. हे मलाही दिसत होते. तरी ड्रायव्हरसमोर वाद नको म्हणून मी तिला ‘आई, तू आत जा’ असे म्हणालो, ‘माल तपासून सुस्थितीत मिळाला’ असे छापलेल्या चलनावर सही केली आणि वर 6,500 रुपये दिले. चलनावर सही करण्याआधी प्लॅस्टिक फाडा. ड्रायव्हर कितीही ओरडला तरी फाडा, आणि जे वेगळे दिसेल ते चलनावरच हाताने लिहा.

सकाळी अर्धा एकर चालवून पाहिले. हातभर लांबीचे तुकडे पडत होते, दर तिसऱ्या सरीला दांड्याभोवती पाचटाचा वेढा बसत होता आणि तो कोयत्याने कापून काढावा लागत होता. खोडक्या तशाच उभ्या राहिल्या. यंत्रावरची पाटी नव्या रिबिटांनी ठोकली होती आणि तिच्या कडेने जुना रंग डोकावत होता. तसल्याच नव्या स्लॅशरचे कोटेशन मी नंतर शहरातून आणले, ते 68,000 रुपयांचे निघाले. विक्रेत्याचा फोन दोन दिवस वाजत राहिला, तिसऱ्या दिवशी बंद झाला. बिलावरचा जीएसटी क्रमांक संकेतस्थळावर टाकून पाहिला, तर तो दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका दुकानाच्या नावावर होता. ही तपासणी फुकट होते आणि दोन मिनिटांत होते. मी ती पैसे गेल्यावर केली.

अनुदानाचे तर सगळेच खोटे होते. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शेतकऱ्याला स्वतः अर्ज करता येतो आणि मी अर्ज केला तेव्हा त्याचे शुल्क 23 रुपये 60 पैसे होते. मी फाईलसाठी त्याच्या बरोबर पाचशे पट पैसे दिले. पूर्वसंमतीपत्र हातात येण्याआधी यंत्र खरेदी केले तर अनुदान मिळत नाही, आणि यंत्राचा अधिकृत चाचणी अहवाल लागतो. माझ्याकडे यांतले काहीच नव्हते. त्या फाईलच्या नावाखाली मी आईचा सातबारा, आठ-अ, आधार आणि पासबुकाच्या प्रती अनोळखी माणसाला देऊन बसलो होतो. आता तिच्या आधारचे बायोमेट्रिक लॉक केले आहे.

यानंतर जे झाले त्याचा राग फसवणाऱ्यापेक्षाही जास्त आहे. 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला, आणि पुढे कळवले गेले की वस्तू मिळालेली असल्याने हा सायबर गुन्हा होत नाही. पोलीस ठाण्यात गेलो, तिथे दीड तास बाकावर बसवून ‘हा व्यवहार दिवाणी आहे, वकील बघा’ असे सांगितले. मी म्हणालो की प्रात्यक्षिक एका यंत्राचे दाखवून दुसरेच देणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खालची फसवणूक आहे, तर उत्तर आले, ‘मग सही का केली?’ कृषी कार्यालयात हा विक्रेता आमच्या यादीतला नाही, त्यामुळे आमचा संबंध नाही, असे ऐकवले. हा माणूस उघड्यावर, भर दिवसा, शेकडो लोकांसमोर प्रात्यक्षिके करतो, आणि तो यादीत नाही हे ज्यांना ठाऊक आहे ते शेतकऱ्यांना एका फलकानेही सांगत नाहीत. बँकेने सांगितले की पैसे तुम्ही स्वतःच्या सहीने पाठवलेत. चार ठिकाणी मिळून मी अकरा फेऱ्या मारल्या आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न माझ्याच चुकीबद्दल होता. एकाही माणसाने शेडपर्यंत येऊन यंत्राखाली वाकून पाहिले नाही.

ठाण्यात तक्रार घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना ती लेखी पाठवता येते. मी रजिस्टर पोस्टाने पाठवली आणि पोचपावती जपून ठेवली आहे. ग्राहक आयोगाचा रस्ता मला 1915 या ग्राहक मदत क्रमांकावरून कळला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मुदत मात्र दोन वर्षांची आहे. शेतीसाठी घेतलेले यंत्र म्हणजे व्यावसायिक खरेदी, असे सांगून एका वकिलाने मला परत पाठवले होते. ते चूक आहे. स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार कायद्याने ग्राहकच असतो. प्रात्यक्षिकाच्या दिवशी पाहुण्यांच्या मुलाने मोबाईलवर काढलेली चित्रफीत आज माझा सर्वांत मोठा पुरावा आहे, कारण तिच्यात आडवा रोटर स्पष्ट दिसतो आणि विक्रेत्याचा आवाज ऐकू येतो. तुम्हीही चित्रण करा, आणि त्याच यंत्राचा अनुक्रमांक त्यात येऊ द्या.

ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली आहे, पुढची तारीख जानेवारीत आहे. तोवर यंत्र आहे त्या स्थितीत ठेवायचे असल्याने त्याने बांधावरचे गवतसुद्धा कापता येत नाही. या आठवड्यात आमच्या उसाला तोड मिळाली, आणि मी पुन्हा भाड्याच्या मल्चरसाठी नंबर लावून आलो आहे. माझ्या पुढे सतरा जण आहेत.