भूतबंगल्याच्या दोन फेऱ्या

भूतबंगल्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण आपण किती घाबरलो याचीच मोजदाद करतात. मी आणि माझा थोरला भाऊ मात्र या मनोरंजन उद्यानात शिरलो तेच मुळी घाबरलेले. पंचवीस वर्षांपूर्वी, मी सात वर्षांचा आणि दादा अकरा वर्षांचा असताना, अशाच एका भूतबंगल्यात वीज गेली आणि आमची गाडी बोगद्याच्या मध्यावर थांबली. आत दोन मुले राहिली आहेत हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात यायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ दादा मोठ्याने एक ते साठ आकडे मोजत होता; साठ झाले की पुन्हा एकपासून. पुढे घरात हा विषय निघाला, की तो काही ना काही निमित्त काढून उठून जात असे.

या भूतबंगल्याचे तीन भाग आहेत: पायी चालायचा बोळ, आरसेमहाल आणि शेवटी गाडीत बसून जायची डार्क राइड. आरसेमहालाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. आरशांवर बोटांचे इतके ठसे आहेत की वाट चुकण्याची शक्यताच उरत नाही.

बोळ मात्र विचारपूर्वक उभारला आहे. दर पंधरा-वीस पावलांवर, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर, बाहेर जाण्याचा मंद हिरवा दिवा आहे. तो भुतांच्या नाटकात विघ्न आणत नाही, पण शोधणाऱ्याला लगेच सापडतो. अशा जागी हा तपशील शोभेचा नसतो. ११ मे १९८४ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सीमधल्या एका उद्यानात भूतबंगल्याला आग लागून आठ किशोरवयीन मुलांचा मृत्यू झाला होता, आणि त्या इमारतीत आग विझवणारे पाण्याचे फवारे नव्हते. येथे छताला फवारे दिसले, दारे ढकलताच उघडत होती, आणि एक दार मी मुद्दाम ढकलून पाहिले तेव्हा बाहेर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याने शांतपणे ‘पुन्हा आत जायचंय?’ असे विचारले.

बोळातील सर्वांत चांगले दृश्य जुन्याच युक्तीवर उभे आहे. प्रेक्षक आणि देखावा यांच्यामध्ये काच पंचेचाळीस अंशांत तिरकी ठेवायची आणि बाजूला दडवलेल्या आकृतीवर प्रकाश टाकायचा, की ती आकृती रिकाम्या खोलीत तरंगताना दिसते. १८६२ मध्ये लंडनच्या रंगमंचावर जॉन हेन्री पेपर यांनी ही युक्ती लोकप्रिय केली आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. येथे खुर्चीवर बसलेली बाई हळूहळू विरत जाते आणि खुर्ची तशीच राहते. तिच्यापुढे कर्णकर्कश किंकाळी वाजवण्याचे काहीच कारण नव्हते. आवाजाच्या बाबतीत एकूणच या मंडळींचा हात सैल आहे. भीती वाढवली की मजा वाढते असे समीकरण नसते; २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, डेन्मार्कमधील एका भयगृहात ११० जणांवर केलेल्या अभ्यासात, भीती फार कमी किंवा फार जास्त वाटलेल्यांपेक्षा मध्यम भीती वाटलेल्यांनी अधिक मजा आल्याचे सांगितले होते. ते मध्यम येथे बाईच्या खोलीत सापडते आणि पुढच्याच वळणावर भोंग्यांखाली चिरडले जाते.

आता डार्क राइड. लिऑन कॅसिडी यांच्या १९२८ च्या सुमाराच्या एकरुळी गाड्यांपासून आलेला हा प्रकार: विजेवर चालणारी छोटी गाडी, एकापाठोपाठ एक वळणे, आणि पुढे काय आहे हे कळू न देणारा अंधार. आम्ही बसलो, मांडीवरचा दांडा खाली आला, आणि तो खाचांमध्ये अडकत गेल्याचा कट-कट-कट असा तीनदा आवाज झाला. दादाची बोटे दांड्याभोवती पांढरी पडलेली मला त्या अंधुक उजेडातही दिसली. गाडी सुटण्यापूर्वीच त्याने हात वर केला. ऑपरेटरने एकही प्रश्न न विचारता दांडा उघडला. मागच्या रांगेतून एक हसू ऐकू आले, तेव्हा त्याने त्या दिशेला नुसते पाहिले आणि हसू थांबले. या सेवेला मी गुण देतो ते येथे.

दहा मिनिटांनी दादाच म्हणाला, ‘चल, परत जाऊ. पण आधी त्याला विचारतो.’ त्याने विचारले की वीज गेली तर हा दांडा उघडतो कसा. ऑपरेटरने आम्हाला गाडीच्या मागे नेले आणि खाली असलेला पायाने दाबायचा खटका दाखवला. वीज नसली तरी कर्मचारी तो दाबून दांडा मोकळा करतात. दादाने दोनदा पायाने दाबून पाहिला. मग तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, ‘त्या वेळी आपला दांडा अडकलाच नव्हता. उघडाच होता. मला माहीत होतं. पण तुला घेऊन खाली उतरायची माझी हिंमत झाली नाही.’

पंचवीस वर्षे मी समजत होतो की दादा कोंडले जाण्याला घाबरतो. मी काही म्हणण्याआधी ऑपरेटरच बोलला, आणि तोही धीर देण्याच्या सुरात नव्हे, तर कामाची माहिती द्यावी तसा: ‘उतरला नाहीत तेच बरं केलंत. जुन्या गाड्यांना रुळातून वीज मिळायची. वीज कधी परत येईल सांगता येत नाही, आणि अंधारात रुळावर पाय पडला असता तर?’ दादाने पुन्हा एकदा तो खटका दाबला.

दुसऱ्या फेरीत आम्ही पूर्ण बोगदा पार केला. सांगाडे सुमार आहेत, कोळ्याच्या जाळ्याचे दोरे चेहऱ्याला लागतात आणि चिकटतात, शेवटच्या वळणावरचा लाल दिवा बंद होता. मध्येच गाडी काही क्षण मुद्दाम थांबवतात. ही सूचना प्रवेशद्वारावरच्या फलकात तळाशी, बारीक अक्षरांत आहे आणि ती ठळक केलीच पाहिजे. गाडी थांबली तेव्हा मी नकळत मोजू लागलो. एकोणीसपर्यंत आलो होतो, तोच दादा म्हणाला, ‘हळू मोज, फार घाई करतोस,’ आणि गाडी चालू झाली.

आसन दोन प्रौढांना अरुंद पडते, त्यामुळे धिप्पाड व्यक्तींनी वेगवेगळे बसावे. रांगेत सावली नाही. लहान मुलांना बोळात नेण्यास हरकत नाही, पण भोंग्यांसाठी कानात कापूस घालावा. आणि खटका पाहायचा असेल तर रांग कमी असताना विचारावे, ऑपरेटर दाखवतो.