गाव, मशीद की इस्रायल? उतारवयात ज्यू वारशाकडे वळताना

आमच्या घरी शुक्रवारी सकाळी काळ्या मनुका भिजत पडायच्या. संध्याकाळी आई त्या हातानं कुस्करायची, फडक्यातून गाळायची आणि आम्हा भावंडांना अर्धा-अर्धा पेला द्यायची. "सरबत आहे, प्या." स्वतः मात्र पेला हातात धरून क्षणभर ओठ हलवायची. बाबा हिंदू, आईचं माहेर पेणकडचं, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. लग्नानंतर तिचं मशिदीत (ज्यूंच्या प्रार्थनागृहात) जाणं सुटलं आणि घरात त्याविषयी कुणी बोललं नाही. ते किद्दुशचं, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाचं, सरबत होतं, वाइनच्या जागी आपल्या लोकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, हे मला ५६व्या वर्षी कळलं. आईला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

त्याला आता पाच वर्षं झाली. माझ्यासारखीच उशिरा जाग आलेली माणसं भेटतात आणि एकच विचारतात, सुरुवात कुठून करू? कोकणातल्या गावापासून, शहरातल्या मशिदीपासून, की थेट इस्रायलपासून? मी तिन्ही वाटांवर थोडी-थोडी चालले आहे, म्हणून हा ताळा मांडते. (मशीद म्हणजे सिनेगॉग. आपल्या जुन्या बोलीत हाच शब्द आहे. मुंबईचं मस्जिद स्टेशनही १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेल्या 'शार हारहमीम'वरून ओळखलं जाऊ लागलं, असं मानतात.)

वाट निवडण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारून घ्या, कारण पुढचं बरंचसं त्यावर ठरतं. वारसा आईकडून आला आहे की वडिलांकडून? धर्मशास्त्राप्रमाणे, म्हणजे हलाखाप्रमाणे, ज्यू आईचं मूल ज्यू. माझ्यासारखीला मशिदीत वेगळी दीक्षा लागत नाही, आईचं ज्यू असणं दाखवता आलं की झालं. केवळ वडील ज्यू असतील तर पारंपरिक मशिदीत प्रेमानं बसवून घेतील, पण तोरा या धर्मग्रंथाच्या वाचनाला बोलावणार नाहीत. हे ऐकायला कडू लागतं. आपल्याकडे एके काळी 'गोरे इस्रायल' आणि 'काळे इस्रायल' असा भेदही होता, मिश्र विवाहाच्या संततीला वेगळं ठेवण्यासाठी. तो इतिहास झाकून ठेवू नये असं मला वाटतं. पण त्याला घाबरून दारातून परतही फिरू नये.

आता गाव. मांडव्याला लाँचनं उतरलं की अलिबागच्या वाटेवर नवगाव लागतं. सात पुरुष आणि सात स्त्रिया फुटलेल्या जहाजातून इथल्या किनाऱ्याला लागल्या, अशी आपली परंपरा सांगते. तिथून पुढे पेझारी, रोहे, पेण, अष्टमी, चौल अशा गावांत आपण पांगलो आणि पेझारकर, रोहेकर, पेणकर, अष्टमकर, चेऊलकर झालो. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक 'शनिवार तेली' म्हणत. तुमचं आडनाव 'कर'नं संपत असेल तर अर्धा शोध तिथेच झाला. अलिबागच्या इस्रायल आळीत 'मागेन आबोथ' उभी आहे, १८४८ची. रेवदंड्याची 'बेथ एल' १८४२ची, पनवेलची १८४९ची, पेणची १८६३ची. एका लांबच्या शनिवार-रविवारात चारही पाहून होतील, पण शनिवारी शब्बाथ (विश्रांतीचा पवित्र दिवस) असतो हे ध्यानात ठेवून आखणी करा. आधी फोन करून जा. बरेचदा किल्ली सांभाळणारं एकच कुटुंब उरलेलं असतं.

गावाचं खरं देणं मात्र कबरस्तानात मिळतं. मी आजोबांची कबर शोधत होते. गवत गुडघ्याएवढं, दगडावर शेवाळ. नारळाची सोडणं पाण्यात बुडवून एक-एक ओळ घासत गेले. वर हिब्रू अक्षरं, ती मला वाचता येईनात. खाली मराठी होतं. आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, गाव, आणि "मयत" या शब्दापुढे तारीख. आईनं कधी उच्चारली नव्हती अशी तीन नावं त्या ओल्या दगडावर माझ्याच लिपीत होती. त्या दिवशी मला काही शिकायला मिळालं असं नाही. मी फक्त रडले, आणि ते गरजेचं होतं.

तिथून जवळच, खंडाळ्याला (घाटातलं नव्हे, अलिबागजवळचं), एलियाहू हनाबी या प्रेषिताची जागा आहे. खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या चाकांच्या मानतात. नवस फेडायला लोक तिथे येतात, मलिदा करतात. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा आणि भोवती पाच फळं. परातीत डोंगर रचतात, दुआ म्हणतात आणि मग वाटतात. हा विधी याच रूपात जगातल्या दुसऱ्या कुठल्या ज्यू समाजात नाही. घरी जमवायला सर्वांत सोपाही हाच.

पण गावाची मर्यादा सांगायलाच हवी. गाव तुम्हाला परत बोलावत नाही. वर्षातून दोन फेऱ्या होतात, फोटो काढले जातात आणि सोमवारी आपण होतो तसेच. शिकवायला तिथे फारसं कुणी नाही.

मशीद नेमकी याच्या उलट आहे. पहिल्या दिवशी तिथे काहीच भरून येत नाही. कुठलं पान चालू आहे ते कळत नाही, सगळे उभे राहतात तेव्हा आपण बसलेलो असतो. मी पहिल्यांदा गेले ती संध्याकाळ मला नकोशी झाली होती. दारावरच्या माणसानं पिशवी तपासली, ओळखपत्र मागितलं, कोणाची कोण ते विचारलं. २००८च्या हल्ल्यात मुंबईतल्या ज्यू केंद्रालाही लक्ष्य केलं होतं, म्हणून ही चौकशी होते. ती मनाला लावून घेऊ नका. वर बायकांच्या गॅलरीत एका म्हाताऱ्या बाईनं शेजारी जागा दिली आणि माझ्या हातातलं पुस्तक सुलट केलं. हिब्रू पुस्तक उजवीकडून उघडतं, एवढंही मला ठाऊक नव्हतं. पुढच्या आठवड्यात तिनं मला हाक मारली. त्याच्या पुढच्या आठवड्यात मी गेले नाही, तर तिचा फोन आला. मी टिकले ती या फोनमुळे.

मुंबईत पर्याय आहेत: मस्जिद बंदरची 'शार हारहमीम', जेकब सर्कलची 'तिफेरेथ इस्रायल', आग्रीपाड्याची 'मागेन हसीदीम'. ठाण्यात १८७९ची 'शार हाशमाईम', पुण्यात रास्ता पेठेची 'सुक्कथ शलोमो'. भायखळ्याची 'मागेन डेव्हिड' आणि पुण्याचं लाल देऊळ ही ससून घराण्यानं, म्हणजे बगदादहून आलेल्या ज्यू मंडळींनी बांधलेली. पाहायला भव्य, पण आजोळची चाल ऐकायची असेल तर बेने इस्रायलांच्या मशिदीतच जा.

बायकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते. पारंपरिक मशिदीत मिनियानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या किमान संख्येला, दहा पुरुष लागतात. मी धरून दहा होत नाहीत. नऊ पुरुष दहाव्याची वाट पाहत बसलेले आणि वर आम्ही सात जणी, असं मी पाहिलं आहे, आणि ते मला अजून सलतं. हे पटणारच नसेल तर डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकारानं १९२५ साली मुंबईत सुरू झालेली उदारमतवादी शाखा, 'ज्युइश रिलिजियस युनियन', आहे. त्या विचारधारेत स्त्री-पुरुष शेजारी बसतात. मी पारंपरिकच निवडली, कारण आईची तीच होती. तुमचं कारण वेगळं असू शकतं.

"आता या वयात हिब्रू कुठे जमणार?" ही भीती सगळ्यांना असते. अक्षरं ओळखायला मला चार महिने लागले, अर्थ लावून वाचायला अजून जमत नाही. पण जरा इतिहास पाहा. बाहेरच्या ज्यू जगाशी संबंध येण्याआधी आपल्या पूर्वजांना 'शेमा इस्राएल' या प्रार्थनेपलीकडे फारसं हिब्रू येत नव्हतं. सुंता, लग्न, मयत, सगळीकडे तेच म्हणत. शनिवार पाळत, खवले नसलेली मासळी खात नसत, आणि सणांना मराठीच नावं होती: रोश हशाना (नवं वर्ष) म्हणजे नव्याचा सण, योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा उपास) म्हणजे दरफाळणी, दुसऱ्या दिवशी शिळा सण, तिशा बाव (जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा उपास) म्हणजे बिरड्याचा रोजा. एवढ्या शिदोरीवर ते शतकानुशतकं टिकले. तुमच्यापाशी तेवढी शिदोरी बहुधा आजही आहे, स्वयंपाकघरात शोधा.

तिसरी वाट इस्रायलची. इथे पाहायला जाणं आणि राहायला जाणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. पाहायला जरूर जा. दिमोना, लोद, रामला, अश्दोद इथे बाजारात मराठी कानावर पडते, आणि चिकाचा हलवा तिथल्या घरांत अजून होतो. राहायला जायचं तर नियम नीट समजून घ्या. १९५०च्या परतीच्या कायद्यात १९७० साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून ज्यू व्यक्तीच्या मुलांना, नातवंडांना आणि त्यांच्या जोडीदारांनाही तो हक्क आहे, मग नातं आईकडून असो वा वडिलांकडून. लग्न आणि दफन यांबाबत मात्र तिथली रब्बींची, म्हणजे धर्मगुरूंची, यंत्रणा हलाखाच पाहते. आपल्या लोकांनी हा फरक सोसला आहे. १९६२ साली बेने इस्रायलांची लग्नं लावण्याआधी वंशावळ तपासण्याचे आदेश निघाले. जेरुसलेममध्ये आपले लोक धरण्यावर बसले, संसदेपर्यंत विषय गेला आणि १९६४ साली तो भेद मागे घ्यावा लागला.

साठीला पोचलेल्यानं आणखी दोन हिशेब करावेत. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. तिकडचं घेतलं की इकडचं जातं, फार तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) मिळतं. आणि नव्यानं आलेल्यांसाठी उलपानचा हिब्रू वर्ग सुमारे पाच महिन्यांचा असतो, पण दवाखान्यात डॉक्टरांना दुखणं सांगण्याइतकी भाषा येईपर्यंत त्याहून बराच काळ जातो. मुलं आधीच तिकडे असतील तर गोष्ट निराळी. एकट्यानं, केवळ मुळांच्या ओढीनं जायचं म्हणाल तर मी नको म्हणेन. आधी तीन महिने राहून या.

डीएनए चाचणीचंही बरेच जण विचारतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात बेने इस्रायलांत ज्यू आणि स्थानिक भारतीय, दोन्ही पूर्वज दिसले. समाज म्हणून ते मोलाचं आहे. पण तुमच्या नळीतल्या थुंकीवरून मशीद तुम्हाला सभासद करून घेणार नाही. ते पैसे पेण-अलिबागच्या फेरीला वापरा.

तर माझा कौल मशिदीला, आणि तेही आधी. त्याचं एक रोखठोक कारण आहे: उद्या गावची कबर शोधायची असो की इस्रायलचा अर्ज भरायचा असो, आईवडिलांच्या किंवा आजी-आजोबांच्या लग्नाचा केतुबा (विवाहाचा करारपत्र) आणि मशिदीची नोंदच कामाला येते, आणि ती कुठल्या कपाटात आहे ते तिथली जुनी माणसंच सांगू शकतात. गाव दुसऱ्या क्रमांकावर, पहिल्या पावसानंतर नको, गवत वाढतं. फेब्रुवारी बरा. वडिलांकडून वारसा असेल आणि दारात अवघडल्यासारखं होत असेल, तर क्रम उलटा करा: आधी गाव आणि मलिदा, मग उदारमतवादी शाखा.

आणि घरातलं सर्वांत वयस्क माणूस, मावशी, मामी, जे कुणी असेल, त्यांना या शुक्रवारच्या आत फोन करा. धर्माचं विचारू नका, त्या गप्प बसतील. शुक्रवारी घरी काय शिजायचं ते विचारा. मी मावशीला मनुका किती घ्यायच्या ते विचारलं होतं. "मूठभर," ती म्हणाली, "पण तुझ्या आईची मूठ लहान होती, तू जरा कमीच घे."