निर्वासितांच्या कामाला पैसा कुठून आणायचा: वर्गणी, सीएसआर की फॉरेन फंड?

भाच्याचा फोन आला, मामा आपण ट्रस्ट काढूया की, मुंडगोडच्या तिबेटी निर्वासित वसाहतीतली पोरं शिकायला बेळगावात येतात, त्यांना खोली मिळत नाही, कागदपत्रं कुठं द्यायची कळत नाही, आणि पैसे काय फॉरेनचे मिळतील. मी खानापूर भागातल्या एका छोट्या ट्रस्टचा हिशोब बघतो, म्हणून म्हटलं फॉरेनचं नंतर, आधी तिन्ही रस्ते बघ.

फॉरेन फंडाला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी, लागतं, आणि ते मागण्याआधी संस्था तीन वर्षं जुनी पाहिजे, त्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्च दाखवायला पाहिजे. मिळालं तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या एकाच शाखेच्या खात्यात येतो, ऑफिस-पगारावर २० टक्क्यांच्या वर घालता येत नाही आणि दुसऱ्या संस्थेला त्यातला रुपया देता येत नाही. म्हणजे मोठ्या संस्थेच्या एफसीआरएवर आपण काम करू, हा जुना जुगाड बंद. शिवाय दर पाच वर्षांनी रिन्यूअल आहेच. (संयुक्त राष्ट्रांचा पैसा एफसीआरएत परदेशी धरत नाहीत, पण ते नवख्या संस्थेला कशाला विचारतील.)

सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजकामाला द्यायचा पैसा, ऐकायला सोपं. ५ कोटी नफा असला तरी कंपनीला दोन टक्के द्यावे लागतात आणि आपल्याकडे कारखाने कमी नाहीत. पण इथंही तीन वर्षांचं काम दाखवा, १२ए (ट्रस्टला इन्कम टॅक्स माफ), ८०जी (देणाऱ्याला टॅक्सची सूट), सीएसआर-१ (सीएसआर घेणाऱ्या संस्थेची सरकारी नोंदणी) दाखवा. आणि भारत १९५१ च्या निर्वासित करारात नाही, सीएसआरच्या यादीतही निर्वासित असा वेगळा विषय नाही, त्यामुळे अर्जात शिक्षण, आरोग्य, कौशल्य असंच लिहायचं. मी एकदा एका कारखान्यात गेलो होतो, साहेबांनी पहिला प्रश्न केला, फोटोला किती जण येतील? खोलीचं डिपॉझिट भरून दिलं त्याचा फोटो काय काढणार हो!

राहिली वर्गणी. पैसा कमी, फिरणं जास्त, पण चालू उद्यापासून करता येते. नवीन ट्रस्टला १२ए आणि ८०जी तीन वर्षांसाठी प्रोव्हिजनल मिळतं, फक्त दोन हजारांच्या वर रोख दिलं तर देणाऱ्याला टॅक्सची सूट नाही, तेवढं पावती फाडतानाच सांगायचं नाहीतर मार्चमध्ये भांडण.

आणि मोठा पैसा म्हणजे पक्का पैसा असं भाच्याला वाटतं, तिथं तो चुकतोय. अमेरिकेत निर्वासितांना वसवणाऱ्या संस्थांना सरकार माणशी पैसे देतं, येणारी माणसं कमी झाली की पैसाही कमी, पण ऑफिसचं भाडं तेवढंच, आणि आधी आलेली माणसं दारात असतातच. २०२५ च्या जानेवारीत तो कार्यक्रमच थांबवला, संस्थांना माणसं काढावी लागली. कॅनडात पाचजण मिळून पैसे गोळा करून एका कुटुंबाची वर्षभराची जबाबदारी घेतात, मला ती पद्धत आपल्यासारखी वाटते, पण तिथंही २०२४ च्या नोव्हेंबरात सरकारनं अशा गटांचे नवीन अर्ज घेणं थांबवलं. लांब कशाला, निपाणीच्या पलीकडं कोल्हापूरजवळ वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासितांचा कॅम्प होता, त्याच्यामागं लंडनमधलं पोलिश सरकार उभं होतं, १९४५ ला ब्रिटननं त्या सरकारची मान्यताच काढून घेतली. कॅम्पातली माणसं मात्र १९४८ पर्यंत तिथंच.

मुंडगोडची वसाहत १९६६ पासून उभी आहे ती सरकारनं जमीन दिली म्हणून, तेवढं काम आपल्या ट्रस्टचं नाहीच. आपलं काम चार पोरांचं डिपॉझिट आणि आरटीओ-बँकेत सोबत जाणारा कानडी येणारा माणूस, एवढंच. त्याला वर्गणी पुरते. तीन वर्षं तशी काढली, हिशोब ऑडिट करून ठेवला की सीएसआरचं दार उघडतं. एफसीआरए माझ्या मते तू नकोच बघू, १५ लाख खर्च झालाच कधी तर बोलू.

भाचा हजार पावत्या छापायला निघाला होता. म्हटलं आधी दोनशे छाप, आणि कार्बन विसरू नको.